निदान एक

तिसरी आणि कालव
कधी काळी एकाच आईच्या पोटातली.
मधे कोट्यवधी वर्षांचं पाणी.
माझ्या पडद्यावर दोघींची जनुकं मांडलेली,
तिसरी आडवी, कालव उभी,
जुळलं की ठिपका.
ठिपके निघतात तिरपे,
मानशीच्या बांधावरून मुंग्या जाव्यात तसे,
आणि मधेच रेघ तुटते,
उलट्या पावलांनी खाली उतरते,
पुन्हा लागते पहिल्या वाटेला.

तुटते तिथे जनुक हरवलेलं नसतं.
शेजार बदललेला असतो.

प्रोग्रॅम खरं बोलतो का, हे बघायला
लहानसा डेटा हवा होता, उत्तर आधीच ठाऊक असलेला.
म्हणून शनिवारी आगशीला गेले
आणि मासळीबाजारातली रांग वहीत उतरवली.

दुरुस्तीआधीची:
काशी, दोरोतिया, आपोलीन, भागी, सुबद्रा, रोझालीन.
नव्या पत्र्यांखालची:
काशी, सुबद्रा, भागी, आपोलीन, दोरोतिया, रोझालीन.
मधल्या चौघींची तोंडं पूर्वी जुवारीकडे,
आता रस्त्याकडे, बसच्या धुराकडे.
दिशा फिरली, म्हणून त्यांच्या आकड्यांना वजा.
काशी आणि रोझालीन दोन टोकांच्या खांबांना धरून,
त्यांना काही लावायची गरज नाही.

रात्री दोनापावलाला, एसीच्या गारठ्यात,
स्वेटर घालून सहा आकडे टाइप केले:
एक, वजा पाच, वजा चार, वजा तीन, वजा दोन, सहा.
उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत.
तुटीच्या जागा: दोन.
उलटापालट: एक.
बरोबर! अख्खा ओटाच तर फिरवला होता.
मी एकटीच हसले, आणि चहा करायला उठले.

पुढच्या शनिवारी आपोलीनला सांगितलं,
मशीन म्हणतं, तुम्ही एकदाच हललात.
तिनं सुरी थांबवली.
"एकदाच? कोण म्हणतो गो तो?
पहिल्या पावसात आम्हांला इगर्जेच्या वईकडे बसवलं,
तिथून पोलिसानं उठवलं.
मग पंचायतीनं चिठ्ठ्या काढल्या,
मी रोझालीनच्या बगलेला,
दोरोतिया गटारापाशी, रोज रडायची.
मग चिठ्ठ्या गेल्या खड्ड्यात, आलो आपापल्या जागी.
मग भागीचं न् माझं वाजलं.
ती शेकड्यावर पाच द्यायची, मी तीन.
गिऱ्हाईक फुटलं की नाही?
आठ महिने सुबद्रा आमच्या मधे,
भिंतीसारखी."

"मग?"

"मग तिचा पोरगा तारवावर गेला.
त्या दिवशी तिनं पाटली ओढली,
माझ्या पाटलीला लावली.
बोलली नाही काय. मीही नाही.
त्यानंतर आलं ते तुझं सिमेंट."

मी वही उघडली, मिटली.
यातलं काही रांगेत नव्हतं.
जे गेलं आणि परत आलं,
त्याची खूण शेजारात राहत नाही.
वजाला वजा, आणि पाटी कोरी.
आम्ही मोजतो ती सगळ्यांत जवळची वाट;
तिसरी आणि कालव कुठल्या वाटेनं फिरल्या,
किती वेळा रुसल्या,
कुणाच्या मधे कोण येऊन बसलं,
ते चिखलाला विचारावं, तर तोही रोज भरतीला नवा.

अहवालात "उलटापालट: एक" होतं.
त्याच्या आधी मी लिहिलं, निदान.
मार्गदर्शक म्हणाले, हा शब्द डॉक्टरांचा वाटतो.
म्हटलं, असू दे.

आपोलीननं शंभर तिसऱ्या मोजल्या,
पाच-पाच करून, ओठ न हलवता.
वर घातल्या, एक, दोन, तीन,
थोडं थांबून, आणखी दोन.
शेजारी भागी बर्फ फोडत होती.
तिनं पाहिलं,
आणि बर्फच फोडत राहिली.